साखर मोजली, मूत्रपिंडाचे काय?



साखरेच्या आजाराविषयी आपण आजवर पुष्कळ ऐकले असेल. गोड कमी खा, चाला, औषध चुकवू नका, हे आता खेड्यापाड्यांतील लहान मूलही सांगेल. म्हणून आज साखरेविषयी मी थोडेच बोलणार आहे. साखरेच्या आजाराने शरीरातील जो अवयव अगदी गुपचूप झिजतो आणि झिजताना हूं की चूं करीत नाही, त्याच्याविषयी बोलणार आहे. तो म्हणजे मूत्रपिंड. आपण सगळे त्याला किडनी म्हणतो.

पण आधी एका गुरुजींची हकिकत सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून ती सांगणे मला भाग आहे.

तापीकाठच्या एका गावचे हे प्राथमिक शाळेतले शिक्षक. पन्नासाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. माणूस मोठा टापटिपीचा. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर तपासून माझ्याकडे यायचे. सुरुवातीला एकदा आणि मग पाचदहा वर्षांत आणखी दोनदा त्यांचे रक्तातील क्रिएटिनिनही तपासले होते. पहिल्या कागदावर ०.७, दुसऱ्यावर १.०, तिसऱ्यावर १.२. प्रयोगशाळेने शेजारी छापलेली मर्यादा होती ०.७ ते १.३. गुरुजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, किडनी कशी आहे?" मी कागदावर नजर टाकली आणि म्हणालो, "उत्तम आहे, गुरुजी. मर्यादेच्या आत आहे." लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी मी त्यांना कधी सांगितलीच नाही.

निवृत्तीनंतर गुरुजींचे गुडघे दुखू लागले. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून ते घेत राहिले. मध्ये दीडदोन वर्षे ते माझ्याकडे फिरकले नाहीत. त्रेसष्टाव्या वर्षी आले ते पावलांवर सूज घेऊन. क्रिएटिनिन निघाले २.४. त्यांनी कापडी पिशवीतून आपले सगळे जुने कागद काढले आणि तारखेवार माझ्या टेबलावर मांडले, वर्गात पाटीवर गणित मांडावे तसे. ते बोलले काहीच नाहीत. ०.७, १.०, १.२, २.४. त्यांतल्या पहिल्या तिन्ही कागदांवर "ठीक" असा शेरा होता आणि खाली माझी सही होती.

आता हे "ठीक" कुठे चुकले, ते आपण पाहू या. म्हणजे तुमच्या घरात असा कागद आला, तर तो कसा वाचावा हे कळेल.

मूत्रपिंडाचे काम समजायला आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला लांब जावे लागत नाही. रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या बागेला ठिबक असते. विहिरीचे पाणी आधी फिल्टरमधून जाते आणि मग नळ्यांतून झाडाच्या मुळाशी पडते. मूत्रपिंड हाही फिल्टरच. कमरेच्या वर पाठीच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, मुठीएवढा. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी ह्या गाळण्यांतून गाळले जाते. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते आणि दीडदोन लिटर तेवढी लघवी होऊन बाहेर पडते. आपण रात्री झोपतो, तेव्हाही हा कारखाना चालू असतो.

ठिबकचा फिल्टर दोन तऱ्हांनी बिघडतो. एक म्हणजे जाळी फाटते. मग जे अडायला हवे ते पुढे निसटते. दुसरे म्हणजे जाळी तुंबते. मग जे पुढे जायला हवे ते मागेच साचते. हुशार बागाईतदार काय करतो? केळीची पाने पिवळी पडेपर्यंत थांबतो का? नाही. तो फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहतो. काट्यात फरक दिसला की फिल्टर उघडतो. मूत्रपिंडाचेही असेच दोन काटे आहेत. एक लघवीत पाहायचा, तो जाळी फाटली का ते सांगतो. दुसरा रक्तात पाहायचा, तो जाळी किती तुंबली ते सांगतो. मी गुरुजींचा एकच काटा पाहिला, आणि तोही नीट वाचला नाही.

पहिला काटा लघवीचा. आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन असते. शरीराला ते मोलाचे, म्हणून धड मूत्रपिंड ते लघवीत जवळजवळ जाऊच देत नाही. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली आणि जोडीला रक्तदाब वाढला, की त्या गाळण्यांची नाजूक भिंत बिघडते आणि अल्ब्युमिन पाझरू लागते. ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. सूज आलेल्या रोग्याची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर जसा थिजतो, तशी ती लघवी गढूळ होई. १८२७ साली त्यांनी हे लिहून ठेवले. पण चमच्यात गढूळपणा दिसायचा म्हणजे पाझर पुष्कळ झालेला असायचा. अगदी थोडके अल्ब्युमिन पकडणारी तपासणी त्याच रुग्णालयातील हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ साली प्रसिद्ध केली. चमच्यापासून तिथवर यायला एकशे छत्तीस वर्षे लागली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण आजही पुष्कळांची लघवी "साधी तपासणी" म्हणून पाहतात. पट्टी बुडवतात आणि कागदावर लिहून येते, "अल्ब्युमिन निल". घरचे खूश होतात. पण ती पट्टीही ब्राइटसाहेबांच्या चमच्याची धाकटी बहीणच. पाझर बराच वाढल्याशिवाय ती रंग बदलत नाही. मधुमेही माणसाने मागावयाची तपासणी निराळी आहे. तिचे नाव लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. प्रयोगशाळेत तिला युरिन एसीआर म्हणतात, काही ठिकाणी मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. हे नाव चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे चुकामूक होणार नाही.

गुणोत्तर कशाला, असे एखादे गुरुजी विचारतील. प्रश्न रास्त आहे. समजा, तुम्ही बसमधून उतरलात, दोन तांबे पाणी प्यालात आणि मग लघवी दिली. ती पातळ झाली, त्यात अल्ब्युमिनही पातळ झाले, आकडा फसवा आला. पण लघवीतील क्रिएटिनिनही तेवढ्याच प्रमाणात पातळ झालेले असते. म्हणून एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन किती मिलिग्रॅम, असा हिशेब काढतात. दुधात पाणी किती पडले ते ओळखायची जशी युक्ती असते, तशीच ही. त्यामुळे चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून एसटीतून नेण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. पहाटेची पहिली लघवी, मधल्या धारेची, स्वच्छ डबीत घेतली की उत्तम. तशी जमली नाही तर दिवसा कधीही दिलेली चालते.

आकडा ३० च्या खाली असेल तर जाळी शाबूत आहे असे समजावे. ३० ते ३०० म्हणजे पाझर सुरू झाला. ३०० च्या वर म्हणजे पाझर मोठा. पण एका आकड्याने घाबरून जाऊ नये. ताप असेल, लघवीच्या मार्गात जळजळ किंवा पू असेल, आदल्या दिवशी शेतात जबर अंगमेहनत झाली असेल, बाईची पाळी चालू असेल किंवा त्या दिवसांत साखर अगदी भडकलेली असेल, तर आकडा उगीचच वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या आत तीनदा तपासावी आणि त्यांत दोनदा वाढलेली निघाली तरच खरी मानावी.

ह्या ३० ते ३०० च्या टप्प्याला फार महत्त्व आहे. तेव्हा पावलांना सूज नसते. लघवीला फेस नसतो. भूक, झोप, ताकद सगळे जागेवर असते. "माले काहीच त्रास नही," असे आमच्याकडचा माणूस ठणकावून सांगतो, आणि तो खरेच सांगत असतो. पण योग्य औषधाने पाझर आटोक्यात आणता येतो, कधी कधी परतही फिरवता येतो, तो ह्याच टप्प्यावर. गुरुजींच्या दहा वर्षांत हा टप्पा केव्हातरी येऊन गेला असणार. आम्ही तो पाहिलाच नाही. पावले सुजली तेव्हा त्यांचे गुणोत्तर १,९०० निघाले.

आता दुसरा काटा, रक्ताचा. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो बाहेर टाकते. जाळी तुंबली की तो रक्तात साचतो. १८८६ साली मॅक्स याफे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने पिक्रिक आम्ल घालून क्रिएटिनिनला नारिंगी-तांबडा रंग आणण्याची रीत दाखवली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या अजूनही कितीतरी प्रयोगशाळांत चालतात. तपासणी स्वस्त आहे, सोपी आहे. गोम आहे ती आकडा वाचण्यात.

एक उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा धट्टाकट्टा हमाल आणि सत्तर वर्षांची एक आजीबाई. दोघांचेही क्रिएटिनिन १.१ आले. दोघांच्याही कागदावर आकडा एकच. पण हमालाच्या अंगात स्नायू भरपूर, त्यामुळे त्याच्या शरीरात क्रिएटिनिन जास्तच तयार होते, त्याला १.१ शोभते. आजीबाईंच्या अंगावर मूठभर मांस. एवढ्याशा स्नायूंतून क्रिएटिनिन थोडेच निघायचे, तरीही ते १.१ इतके साचले, ह्याचा अर्थ मूत्रपिंड मंद झाले आहे. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून आजच्या सूत्राने गाळण्याचा वेग काढला, तर हमालाचा निघतो सुमारे ९३ आणि आजीबाईंचा ५४. ह्या वेगालाच ई-जीएफआर म्हणतात. दर मिनिटाला मूत्रपिंडे किती मिलिलिटर गाळतात त्याचा तो अंदाज. पुष्कळ प्रयोगशाळा आता तो कागदावर छापून देतात. छापला नसेल तर डॉक्टरांना अवश्य विचारा; वय सांगितले की आकडा क्षणात काढता येतो.

९० किंवा त्याहून वर असेल तर वेग चांगला. ६० ते ८९ हा थोडा उतरलेला. पाझर नसेल आणि मूत्रपिंडाची दुसरी खराबी नसेल तर त्याला लगेच रोग म्हणत नाहीत, वयाबरोबर वेग थोडा उतरतोच. पण ६० च्या खाली तीन महिने राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला. ३० च्या खाली गेला तर मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. १५ च्या खाली गेल्यावर डायलिसिसची किंवा मूत्रपिंड बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

आता गुरुजींचे कागद ह्या रीतीने पुन्हा वाचू. पन्नासाव्या वर्षी ०.७, म्हणजे वेग सुमारे ११२. साठाव्या वर्षी १.२, म्हणजे सुमारे ६९. मर्यादेच्या आत, होय. पण त्यांच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहिले असते, तर दहा वर्षांत चाळीसहून जास्त गेले हे मला दिसले असते. वयाची झीज एवढी नसते. आणि २.४ वर वेग उरला ३० च्या आसपास. क्रिएटिनिनचा स्वभावच असा आहे की मूत्रपिंडाची पहिली अर्धी ताकद जाते तेव्हा ते मुंगीच्या पावलाने चढते, आणि उरलेली अर्धी जाते तेव्हा घोड्यासारखे धावते. म्हणून छापील मर्यादा वाचा, पण तुमचा मागच्या वर्षीचा आकडा त्याहून अगत्याने वाचा. जुने कागद चुलीत घालू नका.

रक्त द्यायला जाताना एवढे पाळा: आदल्या रात्री मटणाचे भरपेट जेवण नको, कारण शिजलेल्या मांसातूनही क्रिएटिनिन येते. आणि उन्हातान्हात तहानलेल्या अंगाने रक्त देऊ नका.

ह्या दोन्ही तपासण्या केव्हा कराव्यात? मोठ्या वयात जो मधुमेह होतो, ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात आणि जो आपल्याकडे बहुतेकांना असतो, त्यात निदान झाले त्याच दिवसापासून. कारण तो कळतो तेव्हाच पुष्कळदा काही वर्षे जुना असतो. लहानपणी होणाऱ्या, पहिल्यापासून इन्शुलिन लागणाऱ्या मधुमेहात पाच वर्षांनंतर सुरुवात करतात. पुढे दर वर्षी एकदा, न चुकता. आकड्यांत बिघाड दिसला तर वर्षातून दोन, तीन, चार वेळाही. लघवीची तपासणी रक्ताच्या तपासणीऐवजी नाही, आणि रक्ताची लघवीच्या ऐवजी नाही. काहींची जाळी न फाटताच तुंबते, काहींची फाटते पण पुष्कळ दिवस तुंबत नाही.

आणि हा काही थोड्यांचा प्रश्न राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुढेमागे मूत्रपिंडाची तक्रार उद्भवते. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास यंत्राला जखडून बसणे. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या खेड्यातला माणूस आठवड्याचे तीन दिवस शहरात आणि त्याच्यासोबत घरातले एक माणूस, मग शेत कोणी पाहावे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च सरकार उचलते, ही मोठी सोय आहे; ही योजना जुन्या नावाने २ जुलै २०१२ रोजी पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले धुळे होते. पण गेलेले दिवस कोणती योजना परत देणार?

तपासणीची सोय मात्र जवळ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार व तपासण्या निःशुल्क झाल्या. क्रिएटिनिनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. लघवीचे गुणोत्तर तिथे होत नसेल, तर कुठे होईल ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. पुढची तपासणी आणि सल्ला यांसाठी नाशिक-मुंबईची वाट धरण्यापूर्वी तिथे जावे.

बरे, पाझर सापडला. पुढे काय? नुसते कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. पूर्वी ह्या बोलण्यात तथ्य होते, आता नाही. पहिली गोष्ट रक्तदाब. तो १३०/८० च्या खाली ठेवायचा. त्यासाठी "सार्टन" वर्गातली औषधे, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही नावे तुम्ही ऐकली असतील, ती रक्तदाब तर उतरवतातच, शिवाय गाळण्यांवरचा आतला ताण कमी करून पाझर घटवतात. मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्यांचा उपयोग होतो हे २००१ साली मोठ्या प्रयोगांनी सिद्ध झाले. (गर्भार बाईने मात्र ती घ्यावयाची नसतात.) दुसरे, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या निघाल्या साखरेसाठी, पण २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की त्या मूत्रपिंडाची झीजही मंदावतात. एकेकाळी त्या महाग होत्या. आता आपल्याकडे पुष्कळ कंपन्या त्या बनवतात आणि किंमत उतरली आहे. कोणाला कोणती द्यावी, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे.

एक गोष्ट मात्र कानात साठवून ठेवा. ही औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. लोक घाबरतात, शेजारी म्हणतो "गोळ्यांनी किडनी बिघडली," आणि औषध बंद पडते. पंपाचा दाब कमी केला की फिल्टरमधून पाणी थोडे सावकाश येणारच. पण जाळी टिकते. ही थोडी वाढ अपेक्षितच असते. सार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहावे. वाढ तिसाव्या हिश्श्याची नव्हे, शेकडा तीसहून जास्त असेल, तर डॉक्टर फेरविचार करतात. मेटफॉर्मिनचेही तसेच. ते मूत्रपिंड बिघडवीत नाही. पण वेग ४५ च्या खाली गेला तर त्याची मात्रा कमी करावी लागते आणि ३० च्या खाली गेला तर ते बंद करतात. म्हणजे साखरेचे औषध नीट द्यायलाही मूत्रपिंडाचा आकडा हवाच.

आता मूत्रपिंडाचे घरातले वैरी. पहिला वैरी दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या अधूनमधून कोणी घेतली तर एक वेळ निभावते. पण मधुमेह, त्यात रक्तदाबाची औषधे आणि रोज ही गोळी, हा मेळ वाईट. गुरुजींच्या गुडघ्यांनी त्यांच्या मूत्रपिंडाचे किती नुकसान केले ते मला मोजता येणार नाही, पण केले खास. दुसरा वैरी म्हणजे साखरेवर हमखास म्हणून विकली जाणारी, बिनलेबलाची भस्मे आणि पुड्या. त्यांतल्या काहींत शिसे, पारा असे धातू सापडलेले आहेत. तिसरा आपला वैशाख. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत जुलाब, उलट्या झाल्या, अंगातले पाणी आटले, तर सार्टन, मेटफॉर्मिन आणि त्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. त्या कधी थांबवायच्या आणि कधी पुन्हा धरायच्या, हे उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे. इन्शुलिन मात्र मनाने बंद करू नये. उलट, "भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल" हा सल्लाही सरसकट खरा नाही. मूत्रपिंड म्हणजे काही भांडे नव्हे. तहान भागेल इतके प्यावे, आणि अंगाला सूज असेल त्याने किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

मिठाचेही सांगायला हवे. शेवभाजी, पापड, लोणचे, ठेचा ह्यांत मीठ किती जाते ते आपल्या जिभेला कळेनासे झाले आहे. दिवसाकाठी सगळे मिळून चहाच्या एका चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी असावे.

आणि केळी! जळगावच्या माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. मधल्या आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. धड मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम सहज बाहेर टाकते. वेग फार उतरला की ते रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते, हे जिवावरचे असते. पण म्हणून पाझर नुकताच सुरू झालेल्या माणसाने केळ्याला विष समजायचे कारण नाही. रक्तातील पोटॅशियम पाहून ते ठरते. साखरेच्या दृष्टीने मात्र केळे हिशेबात धरावेच लागते, ते घरच्या बागेतले असले तरी. भरीत-भाकरीला हरकत नाही. भरितावरच्या तेलाची धार तेवढी हलक्या हाताने.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. गावात कागद वाचून घ्यायला लोक तुमच्याकडे येतात. हे आकडे इंग्रजीत असतात, शेजारी छापील मर्यादा असते, आणि "मर्यादेत आहे" एवढे सांगून मोकळे होण्याचा मोह मलाही झाला, तुम्हालाही होईल. त्याऐवजी एका वहीच्या पानावर पाच रकाने आखून द्या. तारीख, रक्तदाब, क्रिएटिनिन, ई-जीएफआर आणि लघवीचे गुणोत्तर. जुने कागद काढून मागचे आकडेही भरून घ्या. पाचवा रकाना बहुतेकांचा कोरा निघेल. तो कोरा आहे हे रोग्याला दाखवा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना ती वही त्याच्या हातात द्या. एखाद्या डॉक्टरला त्याचा राग आला तर येऊ द्या.

हे रकाने मला सुचलेले नाहीत. गुरुजींनीच ते आखले. त्या दिवशी टेबलावर कागद मांडून झाल्यावर मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, माझ्या हातून चूक झाली." त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "झाली खरी. आता पुढचं सांगा." दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, रक्तदाब उतरवला, औषधे बदलली, तज्ज्ञांना दाखवले. त्याला आता चार वर्षे झाली. त्यांचा वेग २४ आहे, गुणोत्तर १,९०० वरून ६०० वर आले आहे, आणि डायलिसिस अजून लागलेले नाही. ते लागणार नाही असे मी त्यांना सांगितलेले नाही. दर तीन महिन्यांनी ते वही घेऊन येतात. गेल्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण होती. तिला सात वर्षांपासून साखर आहे. तिच्यासाठी त्यांनी नवी वही आणली होती. रकाने आखलेले होते आणि पाचवा कोरा होता. सकाळची लघवी डबीत घेऊनच दोघे एसटीने आले होते.